दुकानावरच्या खोलीतला मुलगा

आज दिवसभर थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच डोक्यात आहे. म्हणजे सिनेमे नाही, त्याचं लहानपण. लंडनजवळच्या लेटनस्टोनला, ५१७ हाय रोडवर वडिलांचं भाजी-फळांचं आणि कोंबड्यांचं दुकान होतं आणि त्याच्याच वर घर, तिथेच तो १३ ऑगस्ट १८९९ ला जन्मला, तीन भावंडांत धाकटा. मोठा भाऊ नऊएक वर्षांनी मोठा, बहीण सातएक, त्यामुळे बरोबरीचं कुणीच नाही. कुणी खेळगडी आठवतच नाही असं तो स्वतः सांगायचा, घरी नातेवाईक जमले की हा कोपऱ्यात गप्प बसून सगळ्यांकडे बघत राहायचा.

त्याच्या लहानपणाचं नाव काढलं की सगळे एकच किस्सा सांगतात, तो पोलीस स्टेशनचा. चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी चिठ्ठी देऊन पाठवलं, पोलिसाने ती वाचली आणि पाचदहा मिनिटं कोठडीत टाकलं, वाईट मुलांचं आम्ही असं करतो म्हणाला. तो हे आयुष्यभर सांगत राहिला. पण मला वाटतं या एका किस्स्यावर सगळं ढकलून आपण ते दुकान विसरतो. दुकानाच्या घरात मूल वाढतं म्हणजे दिवसभर गिऱ्हाईक बघत वाढतं, पुढे काय मांडायचं, मागे काय ठेवायचं, कोण नुसतंच बघतंय आणि कोण घेणार आहे, हे कुणी शिकवत नाही पण कानांत-डोळ्यांत जातंच. आणि हिचकॉक तर प्रेक्षकाचा विचार केल्याशिवाय एक शॉट लावायचा नाही, त्याला काय आधी दाखवायचं, काय दडवायचं, किती वेळ ताटकळत ठेवायचं. हे त्या पाच मिनिटांच्या कोठडीतून आलं असेल असं मला तरी पटत नाही.

पुढे कुटुंब लंडनमधल्या लाइमहाउसला गेलं, सॅमन लेनवर, तिथे मासळीचं दुकान. १९१४ च्या डिसेंबरात वडील गेले तेव्हा हा १५ वर्षांचा होता. दुकान थोरल्या भावाने सांभाळलं आणि हा टेलिग्राफच्या केबल बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. मुलाचा एकही सिनेमा वडिलांनी बघितला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि मग सत्तरी ओलांडल्यावर तो लंडनला परत येऊन 'फ्रेन्झी' हा खुनाचा सिनेमा करतो (१९७२), कुठे, तर कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात! खुनी कोण, तर तिथलाच फळांचा व्यापारी, हसरा, मित्राला द्राक्षांची पेटी फुकट देणारा. प्रेत लपवतो बटाट्याच्या पोत्यात, आणि मग आपली टायपिन परत मिळवायला रात्री बटाट्यांच्या ट्रकमध्ये चढून ती पोती उपसत बसतो. ती पोती, पेट्या, हमाल, पहाटेची गर्दी त्याने ज्या मायेने दाखवलीय ती बाहेरच्या माणसाला जमणारच नाही. बरं झालं तेव्हाच शूट केलं, कारण १९७४ मध्ये तो बाजारच तिथून नाइन एल्म्सला हलला.