पोलीस ठाण्यात जमा केलेलं रिव्हॉल्व्हर आणि त्यावरचा गंज: माझा अनुभव

रिव्हॉल्व्हर घरी साफ ठेवणं अजिबात अवघड नाही. निवडणुकीत जमा केलेलं रिव्हॉल्व्हर ठाण्यातून होतं तसं परत मिळवणं मात्र फार अवघड आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी पुढच्या आचारसंहितेआधी हे जरूर वाचावं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. हत्यार .32 बोअरचं, परवाना डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचा. इकडे जूनमध्ये पाऊस लागला की कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी येते. पोलादाला अशा हवेत कोरडं ठेवायचं तर रोजचं लक्ष लागतं.

2024 च्या लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि मागोमाग जमा करण्याची नोटीस आली. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे छाननी समितीनं एकेका परवानाधारकाचा विचार करून कुणाचं हत्यार जमा करायचं ते ठरवायचं असतं. आमच्या भागात ओळखीच्या सगळ्यांनाच नोटीस आली. मी साफ करून, तेलाचा हात फिरवून, तेलकट फडक्यात गुंडाळून डब्यातून नेऊन दिलं, सोबत त्याचं चामडी कव्हरही दिलं. पावती कन्नडमध्ये मिळाली. नंबर होता, काडतुसांचा आकडा होता. हत्यार कोणत्या अवस्थेत घेतलं याबद्दल एक ओळ नव्हती.

7 मेला आमच्याकडचं मतदान झालं, 4 जूनला निकाल लागला. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. एकदा साहेब बंदोबस्ताला गेलेले. एकदा वरून पत्र आलेलं नाही. एकदा मुद्देमालाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. पावसाची झड लागलेली, आणि बाकावर बसून मला एकच दिसत होतं: त्या खोलीच्या ओल्या भिंती. वाट बघण्याचं मला काही वाटलं नसतं. पण आत पोलाद खराब होतंय हे माहीत असताना वाट बघणं सहन होत नाही.

शेवटी हत्यार बाहेर आलं ते चामडी कव्हरमध्ये. नंबर बघायला कुणीतरी फडकं काढलं असणार, आणि मग डबा बाजूला ठेवून कव्हरमध्येच सरकवलं असणार. चामडं हवेतली ओल शोषून धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, त्यामुळे कव्हरात ठेवलेलं हत्यार महिनाभरातही गंजू शकतं. बॅरलवर (नळीवर) तांबूस ठिपके, सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, कडेला पट्टा, आणि सिलिंडर बाहेर यायला खळखळ करत होता.

मी टेबलावरच म्हटलं, रजिस्टरात ही अवस्था लिहा. रायटर (ठाण्यातलं लिखापढीचं काम बघणारे पोलीस) म्हणाले, "सही करा आणि न्या की, एवढ्याशा गंजाचं काय घेऊन बसलाय?" मी सही केली नाही. आवाजही चढवला नाही, फक्त उठलो नाही. संध्याकाळी पीएसआय साहेब आले, त्यांनी हत्यार हातात घेऊन बघितलं आणि शेरा लिहायला सांगितलं. त्या एका ओळीचं मला आजही समाधान आहे. देताना फोटो काढा, अवस्था पावतीवर लिहून मागा, आणि कव्हर घरीच ठेवून जा. सुरक्षित ठेवीसाठी परवानाधारक विक्रेत्याकडेही हत्यार जमा करता येतं. फी पडते, पण पुढच्या वेळी मी तेच करणार आहे.

आता साफसफाई. मला ती काकांनी शिकवली, ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. आधी सिलिंडर उघडा, काडतुसं मोजून दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडरमधल्या काडतुसांच्या सहाही घरांना बोट लावून बघा. मगच तेलाची बाटली उघडायची. गंजाच्या ठिपक्यांवर तेल लावून रात्रभर ठेवलं आणि सकाळी अगदी बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं घासलं. पॉलिश पेपर वापरू नका, निळा रंग निघून जातो आणि उघड्या पोलादावर गंज लवकर धरतो.

नळीसाठी सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव), ब्राँझचा ब्रश, मग चिंधी. सिलिंडर बाजूला उघडणाऱ्या अशा रिव्हॉल्व्हरच्या नळीत गज तोंडाकडूनच घालावा लागतो आणि तो घासून तोंडाची कड झिजते. म्हणून काका फुलथ्रूची (चिंधी अडकवून नळीतून ओढायची) दोरी सिलिंडरच्या बाजूनं सोडून तोंडातून ओढायला लावतात. चिंधी कोरडी पांढरी निघेपर्यंत. काजळी सर्वात जास्त साचते ती एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली, तिथे जुना टूथब्रश चालतो. बाजूची प्लेट घरी उघडू नये, ते काम परवाना असलेल्या कारागिराचं.

तेल कमीच लागतं. सिलिंडर ज्यावर झुलतो त्या सांध्यात एक थेंब, एजेक्टरच्या दांडीला एक, आणि बाहेरून पुसट थर. खोबरेल कधीही नाही, बेळगावच्या थंडीत ते गोठतं. पावसाळ्यात मी दर आठवड्याला पुसतो आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवतो. ती ओली झाली की बदलायची.

सहा घरं मात्र कोरडी हवीत. तिथलं तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीत (प्राइमरमध्ये) झिरपलं तर ऐन वेळी बार उडत नाही. माझी ठाण्यातून आलेली काही काडतुसं हिरवट पडली होती. ती मी पुसून वापरली नाहीत, वेगळी काढून विक्रेत्याला दाखवली.