टॅरोचे पत्ते आणि त्यांच्यासोबत आलेले नियम

मी चादरी-टॉवेलांची डिझाइन काढते, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. टॅरोचे पत्ते म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. मला ते चित्रांसाठीच हवे होते. सगळीकडे दिसतो तो रायडर-वेट संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. रायडर हे प्रकाशकाचं नाव, वेट हे ज्यांच्या डोक्यातून संच निघाला त्यांचं. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईने, आणि तिचं नाव संचाला जोडायला लोकांना कित्येक वर्षं लागली. काम संपल्यावर तिने एका पत्रात लिहिलं होतं की मोठं काम हातावेगळं झालं, पण पैसे फारच थोडे मिळाले. आमच्या लाइनीत हे वाचून कुणाच्या भुवया वर जाणार नाहीत.

मागवायचं ठरवलं आणि नणंदेच्या कानावर घातलं. तिने टॅरोचा ऑनलाइन क्लास केलाय. ती म्हणाली, "वहिनी, पहिला संच स्वतः विकत घ्यायचा नसतो. कुणीतरी दिलेला लागतो." मग पुढची यादी आली. रेशमात गुंडाळायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवायचे. आधी काही दिवस उशाखाली घेऊन झोपायचं. पाळीत हात लावायचा नाही, गरोदर बाईसाठी पत्ते काढायचे नाहीत. तोडगाही तिच्याकडेच होता. "तू मला पैसे पाठव, मी मागवते आणि तुला गिफ्ट देते." मिठाची वाटी हातात न देता आधी खाली ठेवायची आणि समोरच्याने ती उचलायची, त्यातलाच हा प्रकार. मी हसले आणि पैसे पाठवले. त्यात माझं काय जात होतं?

पण डोक्यात किडा वळवळत राहिला, म्हणून थोडं वाचलं. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आले ते खेळायला. डाव टाकायचे, हुकूम मारायचे. फ्रान्समध्ये तो खेळ आजही चालतो, आणि तिथे कुणी पत्ते चांदण्यात ठेवत नाही. भविष्याचा धागा अठराव्या शतकाच्या शेवटी जोडला गेला. कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७८१ साली जाहीर केलं की हे प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती वाचायला ज्या शिलालेखाची मदत झाली ती रोझेटा शिला सापडली १७९९ साली आणि शांपोल्यॉं या फ्रेंच अभ्यासकाने लिपी उलगडली १८२२ साली. म्हणजे गृहस्थाने बिनधास्त ठोकून दिलं होतं. आणि १९०९चा संच तर सरळ विक्रीलाच काढला होता. घेणाऱ्यांनी तो पैसे मोजून घेतला, कुणी भेट देईल म्हणून वाट बघत बसले नाहीत.

पार्सल आलं. खरी परीक्षा घरातच होती, कारण सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून डबी उघडली. "गड्ड्याच्या जत्रेत पोपट पाकीट काढतो, तसलंच का गं हे?" मी म्हटलं, "हो आई, पण पोपट नाही." एवढ्यात त्यांच्या हाती नेमका तेरा नंबरचा, म्हणजे मृत्यूचा पत्ता आला. चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, हातात काळा झेंडा, त्यावर पांढरं गुलाब. घोड्यापुढे राजा आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एक पोर मान वर करून बघतंय. मागे लांबवर दोन बुरुजांच्या मधे सूर्य. माझ्या पोटात गोळा आला. आता हे घराबाहेर जाणार!

सासूबाईंनी पत्ता जवळ धरून पाहिला. "यम आहे. रेडा नाही मिळाला वाटतं त्यांना." आणि ठेवून दिला.

नंतर मी एकेक नियम सांगत गेले तर एकालाही त्या अडल्या नाहीत. चांदणं? कोजागिरीला दूध ठेवतोच की. पाळीत शिवायचं नाही? ते तर त्यांनी आयुष्यभर पाळलेलं. धुपाचा धूर दे म्हणाल्या, वर विभूतीचं बोट लावते म्हणाल्या. विभूती मी कशीबशी थांबवली. पत्त्यांची भीती घालवायला मी इतिहास सांगणार होते, त्याची गरजच पडली नाही. नियम आहेत म्हटल्यावर त्यांना वस्तू ओळखीची वाटली.

रेशमाची गोष्ट मात्र माझ्या धंद्यातली. पत्त्यांबरोबर 'शुद्ध रेशमी' म्हणून एक जांभळी पिशवी आली होती, तिचे वेगळे पैसे लावलेले. शिवणीतून एक धागा ओढला आणि गॅसवर धरला. रेशीम असतं तर जळक्या केसांचा वास येतो आणि काळी राख बोटात चुरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला टणक गोळी झाली. चोख पॉलिस्टर! नणंदेला फोटो पाठवला. तिने आपल्या पिशवीचा धागा जाळून पाहिला, तिचीही गोळीच झाली. वर्षभर ती पॉलिस्टरमध्ये गुंडाळलेल्या पत्त्यांवर लोकांना सल्ले देत होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सासूबाईंनी जुन्या इरकलच्या पदराचा तुकडा काढून दिला. तो खरा रेशमाचा आहे, गुळगुळीत आहे, कडा घासत नाहीत. म्हणून वापरते.

बाकीचे नियमही असेच चाळून घेतले. चांदण्यात एकदा ठेवले, सासूबाईंच्या हौसेखातर, पण गच्चीवरची धूळ आणि दव दोन्ही कागदाचे वैरी, म्हणून झोपायच्या आधीच आत आणले. मिठात ठेवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. मीठ ओल धरतं आणि पत्ते वाकतात. उशाखाली ठेवले तर नुसत्या कडा दुमडतात. पाळीचा आणि गरोदरपणाचा नियम मी तपासायलाही घेतला नाही, सरळ फेकला. त्यावरून सासूबाईंशी थोडी बोलाचाली झाली. त्या दिवसांत त्या स्वतः पत्ते उचलून कपाटात ठेवतात, मी काढून घेते. चाललंय.

दुसऱ्याने हात लावू नये, या नियमात मला गंमत वाटते. नणंदेच्या क्लासचं रेकॉर्डिंग पाहिलं. बाई आधी म्हणतात, तुमचे पत्ते कुणाला शिवू देऊ नका. थोड्या वेळाने समोरच्या मुलीला म्हणतात, आता तू पिसून दे. कोणतं खरं? मी मधला रस्ता काढला. तेलाचे, चटणीचे हात नकोत. शेंगा चटणीचा डाग पुठ्ठ्यावरून निघत नाही. हात धुतलेले असतील तर शेजारची पोरंही बघतात.

एक नियम मात्र मनापासून पाळते. एकाच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा पत्ते काढायचे नाहीत. ७८ पत्ते आहेत. मनासारखा येईपर्यंत काढत बसलं तर कधीतरी येणारच. नणंद बदलीच्या अर्जासाठी तेच करत होती. तिला म्हटलं, पत्ते बाजूला ठेव, ऑफिसात फोन कर.

कारखान्यातल्या दोघी-तिघींनी आता संच कुठून घेऊ म्हणून विचारलंय. कुणाकडून भेट मिळते का, याची वाट बघू नका. हा रायडर-वेट संच साधारण ७ बाय १२ सेंटिमीटरचा असतो. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पामेलाची वळणदार सही दिसते. ती पुसट किंवा कापलेली असली, पत्ते पातळ असले आणि पुस्तिकेऐवजी नुसता क्यूआर कोड दिला असला तर माल बहुतेक नकली. आणि सोबत रेशमी पिशवी विकत असतील तर तेवढे पैसे वाचवा.