जातिलुवी आणि खाचा पाडलेला ओंडका

बालीतल्या जातिलुवी गावात सगळी माणसं भातखाचरांच्या ज्या हिरव्या-सोनेरी पायऱ्यांकडे तोंड करून उभी होती, त्यांच्याकडे पाठ करून माझा नवरा पाटाच्या कडेला उकिडवा बसला होता. समोर पाण्यात आडवा टाकलेला एक लाकडी ओंडका. त्याच्यात दोन खाचा पाडलेल्या, एक रुंद, एक अरुंद. पाणी येतं, ओंडक्यावर अडतं आणि दोन खाचांतून दोन वाटांनी पुढे जातं. बस, एवढंच. ह्या एवढ्याशा गोष्टीपुढे हा माणूस वीस मिनिटं बसला आणि मी मागे उन्हात उभी.

"अगं, हे माप आहे," तो म्हणाला. "खाच जेवढी रुंद, तेवढा वाटा."

तो साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचा. त्याचे वडील, नाना, फडावर (बंधाऱ्याच्या सामायिक पाण्यावर भिजणारी गावाची शेती) पाटकरी होते. पाटकरी म्हणजे गावाच्या पाटाचं पाणी ज्याच्या-त्याच्या शेतात पाळीनं सोडणारा माणूस. मी मावळातली, कामशेतच्या पलीकडची, भातखाचरांत वाढलेली. त्यामुळे आमच्या बाली सहलीत जे व्हायचं तेच झालं. मला भात दिसलं, त्याला पाणी दिसलं आणि समुद्रकिनारा दोघांनाही फारसा दिसला नाही.

जातिलुवी हे गाव बालीच्या तबानान जिल्ह्यात, बातुकारू डोंगराच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे. देनपसारहून गाडीनं दोनेक तास. शहरातली गर्दी संपायलाच पाऊण तास जातो, मग रस्ता अरुंद होतो, वळणं सुरू होतात, हवा गार होते आणि पोटात ढवळतं. ताम्हिणी ज्यांनी केलाय त्यांना नवीन काही नाही. बातुकारू २२७६ मीटर उंच आहे म्हणे. 'म्हणे' अशासाठी की आमच्या तीन दिवसांत त्यानं ढगातून एकदाच तोंड बाहेर काढलं, तेही सकाळी सहाला, आणि मी तेव्हा दात घासत होते.

जूनचा पहिला आठवडा होता. आमच्याकडे राब भाजून झाले होते, धूळवाफेवर रोपं टाकायची, मृगाकडे डोळे लावायचे, असे दिवस. आणि इथे कापणी! लोंब्या भरून वाकलेल्या, काही खाचरं पिवळी, काही अजून हिरवी, काही रिकामी होऊन पाण्यानं भरलेली. भात माझ्या कमरेच्या वर. मी लहानपणी बघितलेल्या आंबेमोहोराइतकं उंच. हल्ली आमच्याकडे सगळं गुडघ्याच्या आसपासचं बुटकं वाण झालंय, त्यामुळे उंच भात वाऱ्यावर कसं हलतं ते मी विसरले होते. बुटकं भात थरथरतं. उंच भात लाटेसारखं झुकतं आणि परत उठतं.

हे इथलं जुनं लाल तांदळाचं वाण. पाच-सहा महिने घेतं, म्हणून वर्षातून एकदाच. ते निघालं की उरलेल्या महिन्यांत कमी दिवसांचं नवं वाण किंवा दुसरं काही. आमचे यजमान (साठीच्या आसपासचे, सगळेच त्यांना आदरानं 'पाक' म्हणायचे म्हणून आम्हीही) स्वतः शेतकरी. घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांना थोडं इंग्रजी यायचं, बाकीचं फोनमधल्या भाषांतरावर आणि हातवाऱ्यांवर भागलं. शिवाय शब्द मदतीला होतेच. गावाला 'देसा'. पवित्र पाण्याला 'तिर्ता'. भाताची देवी 'देवी स्री'. हंगामाच्या सुरुवातीला पाट सोडताना पूजा करतात तिचं नाव 'मापाग तोया', म्हणजे पाण्याला सामोरं जाणं. 'तोया' ऐकल्यावर मला शाळेतलं 'पत्रं पुष्पं फलं तोयं' आठवलं आणि मी उगाचच खूश झाले.

पण एका बाबतीत ते आमच्या पुढे. आपण शेतात उभं असलेलंही भात म्हणतो आणि ताटात वाढलेलंही भातच. यांच्याकडे पीक उभं असताना 'पादी', झोडून दाणे निघाले की 'गाबा', कांडून तांदूळ झाला की 'बेरास' आणि शिजला की 'नासी'. पाकना मी सांगितलं की आमच्याकडे पहिल्याला आणि शेवटच्याला एकच शब्द आहे. त्यांना ते भलतंच विनोदी वाटलं. मग मी साळ, तांदूळ, कणी, कोंडा, तूस सगळं सांगून मावळची लाज राखली.

भात पोटरीत आलं की इथे 'बियुकुकुंग' करतात. पीक गर्भार आहे असं मानून शेतात नैवेद्य. आमच्या आजीनं कधी पूजा केली नाही, पण पोटरीतल्या भातातून मोठ्यानं ओरडत जाऊ नका असं ती म्हणायची. कापणीलाही तसंच. जुन्या वाणाच्या लोंब्या तळहातात मावणाऱ्या छोट्या पात्यानं एकेक करून खुडायची पद्धत होती. पातं बोटांत लपलेलं राहतं, म्हणजे देवी दचकत नाही. हल्ली विळाही चालतो. पण पाकच्या शेजारच्या खाचरात एक म्हातारी बाई अजून ते पातं वापरत होती. मी मागून घेतलं. दहा मिनिटांत माझ्या करंगळीएवढी जुडी झाली, तेवढ्यात तिनं हातभर जुडी बांधलीही. नंतर तिनं ते पातं माझ्या हातातून हळूच काढून घेतलं, जसं लहान मुलाच्या हातून सुरी काढून घेतात.

या जुड्या 'जिनेंग'मध्ये ठेवतात. खांबांवर उभी केलेली, गवती छपराची धान्याची खोली. आपल्या कणगीची श्रीमंत मावशी म्हणा.

आता पाणी. हे मी नवऱ्याच्या तोंडून आणि पाकच्या हातवाऱ्यांतून जसं कळलं तसं लिहिते.

बालीतल्या खाचरांच्या मागे 'सुबाक' नावाची व्यवस्था आहे. एका बंधाऱ्याचं, एका पाटाचं पाणी घेणारे सगळे शेतकरी म्हणजे एक सुबाक. गावची हद्द इथे चालत नाही. तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही, तुमच्या शेतात पाणी कुठून येतं याला आहे. प्रमुखाला 'पेकासेह' म्हणतात, त्याला सभासदच निवडतात. नियम लिहिलेले असतात, त्यांना 'आविग-आविग' म्हणतात. पाट साफ करायला आलं नाही, दुसऱ्याचं पाणी वळवलं, तर दंड. हे नवव्या शतकापासून चालत आलंय. २०१२ साली युनेस्कोनं बालीतल्या पाच ठिकाणची मिळून सुमारे १९,५०० हेक्टर जमीन आणि तिथली जलमंदिरं जागतिक वारशात घेतली. जातिलुवी त्यातलंच. इथल्या सुबाकाखाली ३०३ हेक्टर खाचरं आहेत.

तो खाचांचा ओंडका म्हणजे 'तेम्बुकू'. झडप नाही, चाक नाही, कुलूप नाही. वाटा लाकडातच कोरलेला. येणारा-जाणारा कुणीही बघू शकतो की कुणाला किती चाललंय. कुणी खाच रुंद केली तर लपणार कुठे? आणि पाणी शेतात शिरतं त्या वरच्या कोपऱ्यावर छोटंसं देवालय असतं. फुलं, केळीच्या पानाचा द्रोण, उदबत्ती. नवरा म्हणाला, "चोरी करायची तर देवासमोरच करावी लागेल."

"पण वरचा शेतकरी खालच्याला पाणी का देईल?" हा त्याचा खरा प्रश्न होता. पांझरेवर नानांचं अर्धं आयुष्य ह्याच भांडणात गेलं. पाकनी उत्तर दिलं ते मला अजून पुरतं पटायचंय, पण हिशोब सरळ आहे. खालच्याला पाणी नाही मिळालं तर तो उशिरा लावणी करणार. त्याचं भात वेगळ्या वेळी पिकणार. मग कीड एका शेतातून दुसऱ्या शेतात बारा महिने जेवत राहणार आणि शेवटी वर चढणार. सगळ्यांनी एकाच वेळी लावलं आणि एकाच वेळी कापलं, तर मधल्या रिकाम्या दिवसांत किडीला खायलाच काही उरत नाही. पण सगळ्या डोंगरानं एकाच वेळी लावणी काढली तर पाणी पुरणार नाही. म्हणून कुणी कधी लावायचं हे सुबाक बसून ठरवतात, आणि अनेक सुबाकांची मिळून मोठी जलमंदिरं असतात तिथे त्यांचा मेळ घालतात. वरच्याला किडीची भीती, खालच्याला पाण्याची. दोन भीतींची गाठ मारलेली आहे.

ही गाठ एकदा सोडवून बघितली गेली. १९७० च्या दशकात हरित क्रांतीचा जोर होता. सरकारनं सांगितलं, नवं कमी दिवसांचं वाण घ्या, खत घ्या, औषध घ्या आणि वर्षात जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा भात लावा. देवळाचं वेळापत्रक मागे पडलं. सुरुवातीला पीक वाढलं. मग तपकिरी तुडतुडे आले, टुंग्रो रोग आला, पाण्याचा मेळ गेला. पुढे स्टीफन लॅन्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं संगणकावर नद्या, सुबाक, कीड सगळं मांडून दाखवलं की देवळांच्या वेळापत्रकानं मिळणारं उत्पन्न बहुतेक वेळा सरस ठरतं. तिकडे किडीच्या ह्या त्रासामुळे १९८६ सालीच इंडोनेशियानं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. मला ह्यात संगणकाचं कौतुक नाही. ज्या गोष्टीला हजार वर्षं चालल्याचा दाखला पुरला नाही, तिला एका पडद्यावरच्या आकड्यांचा दाखला लागला, याचं थोडं हसू येतं. पण लागला तर लागला, आला हे बरं.

कीड खायला बदकंही असतात. कापलेल्या, पाणी भरलेल्या खाचरांत पन्नास-साठ बदकांचा तांडा एक पोरगा लांब काठीनं हाकत होता. ती बघायला मी बांधावरून वळले आणि पाय घसरून मांडीपर्यंत चिखलात. बांध म्हणजे काय हे मावळच्या मुलीनं विसरावं! बदकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरग्यानं मात्र बघितलं आणि तोंड फिरवून हसला.

घरातल्या इबूनं, म्हणजे यजमानीणबाईंनी, मला मागच्या नळावर धुवायला लावलं आणि मग चुलीपाशी बसवलं. मातीच्या खळग्यांच्या साच्यात तांदळाच्या पिठाचं पातळ, हिरवट पीठ ओतत होत्या. वर झाकण. निघाले ते आप्प्यांच्या आणि घावनांच्या मधले काहीतरी, चपटे, जाळीदार. वर किसलेला नारळ आणि ताडाच्या गुळाचा पाक. 'लाकलाक' नाव. मी सात खाल्ले. बरोबर लाल तांदळाचा चहा, म्हणजे तांदूळ खमंग भाजून त्यावर उकळतं पाणी. चहा म्हणायला जीभ वळत नाही, पण भाजलेल्या साळीचा तो वास आला आणि मी आमच्या पडवीत पोचले. हाच तांदूळ इथे पाकिटांत भरून पर्यटकांना विकतात, आणि पर्यटक पुष्कळ. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनं ह्याला जगातल्या उत्तम पर्यटन गावांत घेतलं, तेव्हापासून अजून वाढले असणार.

गावात शिरताना तिकीट काढावं लागतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते खाचराच्या ऐन कडेला बांधलेल्या उपाहारगृहांचं. कॉफी पीत दृश्य बघायचं, आणि दृश्याच्या जागेवरच कॉफीचं दुकान. पाकचा मुलगा दक्षिणेला हॉटेलात नोकरी करतो. शेत पुढे कोण करणार, असं मी विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या दोन्ही भावांनी रस्त्याकडेची खाचरं फार्महाऊसवाल्यांना विकली आहेत. हा प्रश्न विचारायचा मला काय अधिकार?

शेवटच्या दिवशी संध्याकाळी नवऱ्यानं नानांना व्हिडिओ कॉल लावला. इथे सहा वाजून गेलेले, तिकडे साडेतीन, नाना झोपेतून उठलेले. यानं फोन ओंडक्यावर धरला. खाचा दाखवल्या, कोपऱ्यावरचं देवालय दाखवलं. नाना डोळे बारीक करून बघत राहिले. पांझरेवरचे फड आता बरेच मोडलेत. वर धरण झालं, ज्याची-त्याची विहीर झाली, पाळीला कुणी थांबेना. नाना त्यावर फारसं बोलत नाहीत. ओंडका बघून त्यांनी एकच विचारलं, अहिराणीतच:

"रातले पाट कोन राखस?"

रात्री पाट कोण राखतो. नवऱ्यानं फोनमध्ये टाईप करून पाकना विचारलं. पाक हसले. बोटानं स्वतःकडे दाखवलं, मग पाटाच्या बाजूच्या पडवीवजा खोपीकडे, मग दोन्ही तळहात गालाखाली ठेवून झोपल्याचं केलं आणि लगेच एक डोळा उघडला. पाऊस कमी झाला की आम्ही पाळीपाळीनं इथे झोपतो, असं त्यांनी नंतर टाईप केलं. वाटणीवर विश्वास आहे, पण तरी झोपतो.

नवऱ्यानं ते नानांना सांगितलं.

"मंग बराबर शे," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.