९२०३४ किपलिंग: जून ते दिवाळी, आणि पुढे पॅन्डोरा

माझ्या ब्रिटिश विजेच्या इंजिनाच्या मॉडेलवर ‘किपलिंग’ या नावाच्या दोन्ही पाट्या बसल्या. शनिवारी डावी, रविवारी उजवी. जूनमध्ये सुरू केलेलं काम दिवाळीच्या तोंडावर इथवर आलं. छत आणि बोग्या (इंजिनाखालचे चाकांचे सांगाडे) अजून बाकी आहेत. पण पाटी बसली आणि खोक्यातून आलेल्या मॉडेलचं ते एक ठरावीक इंजिन झालं, म्हणून आजच लिहायला बसलो.

ज्यांना ब्रिटिश विजेची इंजिनं फारशी ओळखीची नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लास ९२ ची ४६ इंजिनं १९९३ ते १९९६ या काळात लफबराच्या ब्रश कारखान्यात तयार झाली, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून मालगाड्या आणि रात्रीच्या प्रवासी गाड्या न्यायला. डोक्यावरच्या तारेतून २५ किलोव्होल्ट एसी आणि दक्षिण इंग्लंडातल्या तिसऱ्या रुळावरून ७५० व्होल्ट डीसी, दोन्हींवर ती चालतात. तारेखाली ताकद ५,००० किलोवॅट, तिसऱ्या रुळावर ४,०००. आणि नावं युरोपातल्या साहित्यिकांची आणि संगीतकारांची! ९२००१ व्हिक्टर ह्यूगो, ९२००३ बेटहोफन, ९२००४ जेन ऑस्टिन, ९२०१४ एमिल झोला, ९२०२९ दांते. शेकडो टन माल ओढणाऱ्या इंजिनावर दांतेचं नाव पहिल्यांदा वाचलं, त्या दिवसापासून हा वर्ग माझा झाला.

४६ मधून ९२०३४ च का, याचं उत्तर मुंबईत आहे. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातला. वडील लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी तिथे शिकवायला आले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांनीच घडवली. मी जे.जे.त उपयोजित कला शिकलो. अक्षरांकनाचा तास संपला की त्याच आवारातून चालत व्ही.टी. गाठायचो. किपलिंगची साम्राज्याबद्दलची मतं मला मुळीच मान्य नाहीत, पण माझ्या कॉलेजच्या आवारात जन्मलेल्या माणसाचं नाव इंग्लंडातल्या एका विजेच्या इंजिनावर आहे, ही गोष्ट मनातून जात नाही. खरं ९२०३४ आता बल्गेरियात मालगाड्या ओढायला गेलंय. क्लास ८७ या आणखी एका ब्रिटिश विजेच्या वर्गातली बरीच इंजिनंही २००६ पासून तिकडेच गेली.

आता काम. मॉडेल ओओ मापाचं, १:७६.२, सेकंडहँड. मूळ इंजिन २१.३४ मीटर लांब, त्यामुळे मॉडेल २८० मिलिमीटर भरायला हवं. पट्टी लावून पाहिलं, भरतं. ते आलं तेव्हा ९२०२२ चार्ल्स डिकन्स होतं. शेवटचे दोन आकडे बदलले की झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही काही लोकांनी तेच सुचवलं. पण छापील आकड्यांची शाई आणि डीकॅलचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पातळ पापुद्र्याचे) आकडे यांचा पांढरा कधीच सारखा नसतो. शेजारी ठेवल्यावर ‘९२०’ दुधाळ आणि ‘३४’ खडूसारखे दिसतात. म्हणून पाचही आकडे काढले, चारही जागी.

काढायची पद्धत: कापसाची काडी इनॅमल थिनरमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडी करायची आणि आकड्यावर गोल न फिरवता एकाच दिशेने ओढायची. मधेच थांबून टूथपिकच्या बोथट टोकाने शाईची कड उचलायची. एका आकड्याला सात-आठ मिनिटं लागतात. घाई केली तर खालचा करडा रंग चमकायला लागतो, आणि ती चमक पुढे वॉर्निशखालूनही दिसते. आकडे गेल्यावर त्या पट्ट्यावर ग्लॉस वॉर्निश, त्यावर डीकॅल, वर डीकॅल मऊ करणारं द्रावण. आकड्यांचं वळण रेल अल्फाबेट, किनीअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी १९६० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेसाठी आखलेलं. ‘३’ चं पोट आणि ‘९’ ची शेपूट पाहा, किती शांत अक्षरं आहेत! दोन आकड्यांमधली जागा मी डोळ्याने ठरवली नाही. फोटो मोठा करून मोजला, ७६.२ ने भागलं आणि मास्किंग टेपवर पेन्सिलीने खुणा केल्या.

जुलैमध्ये चूक झाली. बाहेर संततधार, खोलीत कपडे वाळत घातलेले, आणि मी सॅटिन वॉर्निशचा कॅन उचलला. दहा मिनिटांत गडद निळ्या छतावर पांढुरकं धुकं उतरलं. वॉर्निशचं द्रावक पटकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि ओल्या हवेतली वाफ थरात अडकते. त्या रात्री झोप नीट लागली नाही. पण घासून काढायचा मोह आवरला, मॉडेल बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलं आणि ऑक्टोबरची वाट पाहिली. कोरड्या दुपारी, उन्हात कोमट केलेल्या त्याच कॅनचा अगदी पातळ, ओलसर हात दिला. वॉर्निश पुन्हा विरघळलं, वाफ निघून गेली आणि निळा परत आला. कोकणात, मुंबई-ठाण्यात किंवा आमच्या डोंबिवलीत असाल, तर जून ते सप्टेंबर फवारा हातात घेऊ नका. डीकॅल, कटिंग, वायरिंग ही कामं तेव्हा करा.

रंगसंगतीचं म्हणाल तर मी ते नवं असतानाचं रूप घेतलंय: करड्याच्या दोन छटा, गडद निळं छत, पिवळा चेहरा आणि बाजूवर बोगद्याची खूण म्हणून तीन वर्तुळं. ९२००१ आणि ९२०३१ पुढे ईडब्ल्यूएस या मालवाहतूक कंपनीच्या मरून-सोनेरी रंगात गेली. ती देखणी आहेत, पण किपलिंगला तो रंग दिला तर ते काल्पनिक इंजिन होईल. माझा नियम सोपा आहे. नाव, नंबर आणि रंग हे तिन्ही एकाच दिवशी त्या इंजिनावर असायला हवेत. तो दिवस आधी ठरवायचा, मग ब्रश उचलायचा.

हाच नियम पुढच्या कामाला जास्त लागणार आहे. टेबलावर दुसरं खोकं उघडून ठेवलंय: ईएम२, म्हणजे नंतरचा क्लास ७७. वुडहेडवरून जाणाऱ्या मँचेस्टर-शेफील्ड मार्गासाठी गॉर्टनच्या कारखान्यात १९५३-५४ मध्ये केलेली सात इंजिनं, २७००० ते २७००६, नावं इलेक्ट्रा, अरिआडनी, ऑरोरा, डायाना, जूनो, मिनर्व्हा, पॅन्डोरा. मला पॅन्डोरा करायचंय. ही नावं १९५९ पासूनच लागली, तोवर इंजिनं हिरवी झाली होती. म्हणजे सुरुवातीच्या काळ्या रंगावर ‘पॅन्डोरा’ची पाटी कितीही शोभली तरी ती चूक. १९६९ मध्ये सातही नेदरलँड्सला विकली गेली. तिकडे सहाच चालवली, मिनर्व्हा सुट्या भागांसाठी खोललं. तिथे त्यांचा रंग पिवळा-करडा, क्लास १५००. मी हिरवं करणार, कारण मला ते वुडहेडच्या डोंगरात पाहायचंय. त्या मार्गावरच्या प्रवासी गाड्या १९७० च्या जानेवारीत थांबल्या आणि १९८१ च्या जुलैमध्ये वुडहेडचा बोगदा रेल्वेसाठी कायमचा बंद झाला.

वुडहेडची वीज १,५०० व्होल्ट डीसी. ३ फेब्रुवारी १९२५ ला बॉम्बे व्ही.टी. ते कुर्ला धावलेल्या आपल्या पहिल्या विजेच्या गाडीची वीजही तीच. बाबा मध्य रेल्वेत मोटरमन होते, त्यांची सगळी नोकरी त्या तारेखाली गेली. घाटातल्या जुन्या डब्ल्यूसीजी-१ इंजिनांना ते आणि त्यांचे सहकारी ‘खेकडा’ म्हणत. उभं असतानाही ते इंजिन कण्हल्यासारखा आवाज करायचं, आणि बाबा तो आवाज घशातून काढून दाखवायचे. पाटीवर कुणाचं का नाव असेना, माणसं इंजिनाला आपलं नाव देतात. डचांनी ईएम१ (वुडहेडवरचाच दुसरा वर्ग) मधल्या पहिल्या इंजिनाचं तेच केलं. युद्धानंतर ते काही वर्षं तिकडे उसनं गेलं होतं, त्यांनी ब्रिटिश शिपायांवरून त्याला ‘टॉमी’ म्हटलं, आणि परत आल्यावर ब्रिटिश रेल्वेने तीच पाटी त्याच्यावर लावली. माझ्या यादीत टॉमीही आहे.

किपलिंगच्या पाट्यांबद्दल एक राहिलं. त्या एच केलेल्या, म्हणजे रसायनाने कोरलेल्या धातूच्या आहेत, पानातून सोडवताना कात्री अजिबात नको. काचेवर ठेवून नव्या पात्याने वरून दाबून कापायच्या, मग बारीक पॉलिश पेपरवर कडा घासायच्या. चिकटवायला सुपरग्लू घेतला तर सरकवायला वेळ मिळत नाही आणि त्याची वाफ वॉर्निशवर पांढरी बसते. मी ग्लॉस वॉर्निशचाच एक बारीक थेंब वापरला. पाटी दहा मिनिटं हलवता येते, आणि उद्या काढावीशी वाटली तर नखाने निघते.

आता दोन्ही पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारे छतावरचे सांगाडे) काढून ठेवलेत. या आठवड्यात छतावर कार्बनची काळपट रेघ आणि बोग्यांवर ब्रेकची तांबूस धूळ, पावडरने, अगदी हलकी. इंजिन नवं आहे, त्याने अजून फार प्रवास केलेला नाही. त्यानंतर २१ पिनचा डीकोडर (मॉडेलला डिजिटल आज्ञा समजावणारी चिप) आणि दिवे. पॅन्डोरासाठी हिरव्या रंगाचे तीन नमुने पत्र्यावर काढून खिडकीत ठेवलेत. ब्रन्सविक ग्रीनची, म्हणजे त्या गडद हिरव्याची मिश्रणं कुणी दिवसाच्या उजेडात ताडून पाहिली असतील तर प्रमाण कळवा. माझा तिसरा नमुना सकाळी बरोबर वाटतो आणि संध्याकाळी काळपट होतो.