पाळीतून पाणी येऊन राह्यलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या वरच्या अंगाला मातीचा लहानसा बांध आहे; गावात त्याला पाळ म्हणतात. नाल्याचा पूर खालच्या वस्तीत शिरायचा; तो अडवून हळूहळू सोडायचा, एवढंच त्याचं काम. श्रावणात आमच्या महसूल मंडळात अतिवृष्टी झाली (सरकारी हिशेबात २४ तासांत ६५ मिमीच्या वर) आणि सकाळीच सरपंचांचा फोन, "साहेब, पाळीतून पाणी येऊन राह्यलं."

मातीच्या बांधातून थोडंफार झिरपतंच. मी विचारलं, "स्वच्छ का गढूळ?"

"गढूळच दिसते जी."

मग मात्र गाडी काढली.

सांडवा, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जायची वाट, भरून वाहत होता. पाळीच्या पायथ्याशी मनगटाएवढा झरा उसळत होता आणि तोंडाभोवती बारीक मातीचं वारूळ साचलं होतं. म्हणजे पाणी आतली माती घेऊन येत होतं. असं बीळ पायथ्याकडून तलावाकडे पोखरत जातं. पाण्याला भिडलं की पाळ गेलीच समजा.

पोरं मातीची पोती भरून तयार. "बुजवून टाकू ना साहेब!" सगळ्यांना हेच सुचतं, आणि नेमकं हेच करायचं नसतं. तोंड दाबलं तर पाणी शेजारून फुटतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. कोणाच्या तरी घरकुलाची रेती-गिट्टी ट्रॉलीत भरून आणली. रेतीची पहिली घमेली झऱ्याने उडवूनच लावली. मग भोवती पोत्यांचं कडं रचलं. आत पाणी हातभर चढलं तसा जोर मोडला, रेती बसली. तिच्यावर बारीक गिट्टी, मग जाड, वर दगड.

तलावाची पातळी उतरवणंही भाग होतं. वरिष्ठांना विचारलं, तर "तुम्हीच बघा." जेसीबीने सांडव्याचा उंबरठा कडक मुरमात फूटभर खाली घेतला. खालच्या वस्तीतली माणसं तोवर शाळेत हलवली होती. मी झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून ओळीने मांडत होतो, तळाशी गाळ किती बसतो ते पाहायला. दिवस मावळताना बाटली नितळ निघाली.

उन्हाळ्यात तिथं खोदलं, तर कधीतरी तोडलेल्या बाभळीचं मूळ कुजून आरपार नळी झालेली. पाळीवर झाड वाढू देऊ नये म्हणतात ते यासाठी.

सांडव्याखालचं एकाचं सोयाबीन मात्र आम्ही सोडलेल्या पाण्याने खरडून नेलं. पंचनाम्यात कारण काय लिहायचं, यावर तलाठ्याचं आणि माझं बराच वेळ चाललं. शेतकरी उकिडवा बसून ऐकत होता. म्हणाला, "पुरात गेलं लिहा ना जी, पूरच तर होता." तलाठ्याने अतिवृष्टी लिहिली.