लेकीची बारावी आणि दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया

लेकीने बारावीला व्हिज्युअल आर्ट्स घेतलं तेव्हा मी मनातून जाम खूश झाले, म्हटलं चला, एक तरी विषय मला शिकवता येईल. आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली माणसं! स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, आणि शेवटची घंटा झाली तरी न वाळलेलं बॅकग्राउंड. सिडनीत इतकी वर्षं काढली तरी माझ्या डोक्यात ड्रॉइंगची परीक्षा म्हणजे तीच.

इकडे न्यू साउथ वेल्समध्येसुद्धा बारावीला एचएससीच म्हणतात, पण साम्य तिथेच संपतं. ५० मार्क मुलांनी वर्षभर खपून केलेल्या कामाला, त्याला बॉडी ऑफ वर्क म्हणतात, आणि उरलेले ५० चक्क लेखी. दीड तासाचा पेपर, ब्रशला हातही लावायचा नाही. आधी छापून दिलेल्या चित्रांवर तीन प्रश्न, मग एक मोठा निबंध, आणि त्या निबंधासाठी वर्षभर कलाकार नि कलाचळवळी वाचत बसायचं.

मी आपली कार्डं बनवली. चित्रकाराचं नाव आणि गाजलेल्या चित्राचं वर्ष: मोने १८७२, पिकासो १९०७, असं सगळं. रोज रात्री जेवताना उजळणी.

"फाउंटन?"

"ड्युशाँ, १९१७."

"शाब्बास!"

"आई, शाब्बास काय, एवढ्याला शून्य मार्क आहेत."

मग तिनेच मला सांगितलं. न्यूयॉर्कला एका संस्थेचं प्रदर्शन होतं, फी भरेल त्याचं काम लावू असं त्यांनी जाहीर केलेलं, तर ड्युशाँ या कलाकाराने दुकानातलं तयार मुतारीचं भांडं घेतलं, त्यावर 'आर. मट' अशी खोटी सही केली आणि 'फाउंटन' म्हणून पाठवून दिलं. तो स्वतः त्याच संस्थेच्या मंडळावर! त्यांनी ते लावलं नाही, याने राजीनामा दिला. मूळ भांडं पुढे हरवलंच. आता निबंधात लिहायचं ते हे, की वस्तूला कला कोण ठरवतं, करणारा, लावणारा की बघणारा. वर्ष फक्त त्या मुद्द्याला टेकू म्हणून.

यांच्याकडे चार चष्मे असतात, फ्रेम्स म्हणतात त्यांना: सब्जेक्टिव्ह, स्ट्रक्चरल, कल्चरल आणि पोस्टमॉडर्न. मला ते काही केल्या कळेना, मग तिने आय वेवे या चिनी कलाकाराच्या सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात या माणसाने जवळपास दहा कोटी बिया अंथरल्या, सगळ्या चिनी मातीच्या, चीनमधल्या जिंगदेझेन शहरातल्या कारागिरांनी हाताने रंगवलेल्या. स्ट्रक्चरल म्हणजे ती माती, तो ढीग, लांबून सगळं राखाडी आणि हातात घेतलं की प्रत्येक बी वेगळी. कल्चरल म्हणजे माओच्या काळातली पोस्टर्स, माओ सूर्य आणि जनता त्याच्याकडे तोंड केलेली सूर्यफुलं. सब्जेक्टिव्ह म्हणजे गरिबीच्या दिवसांत लोक याच बिया वाटून खायचे ती आठवण. आणि पोस्टमॉडर्न म्हणजे, लोकांनी त्यावरून चालायचं ठरलेलं, पण धूळ उडायला लागली म्हणून बंद केलं, मग बघणारा कामाच्या आत की बाहेर? एका कामावर एवढं बोलता येतं हे मला खरंच माहीत नव्हतं. तीस कलाकारांची नावं पाठ करण्यापेक्षा तीन-चार कामं अशी आतून ओळखीची असलेली बरी, असं माझं आता स्पष्ट मत झालंय, कार्डं गेली रद्दीत.

तरी मी गप्प बसणार थोडीच. म्हटलं आपलं कोणी घे की, अमृता शेरगिल घे! ती पॅरिसला शिकली, इकडे येऊन अजिंठा बघितला, आणि मग १९३७ मध्ये 'ब्राइड्स टॉयलेट' काढलं. लेकीने फोनवर ते चित्र बराच वेळ मोठं करून बघितलं, आणि ते दबलेले मातकट रंग, त्या बायकांचे न हसणारे चेहरे हे तिने मला दाखवलं, मी एवढी वर्षं त्या चित्रात फक्त नवरी बघत होते.

काल तिने माझीच परीक्षा घेतली. एक अनोळखी चित्र, पाच मार्क, दहा मिनिटं. मी लिहिलं: "रंगसंगती आकर्षक असून चित्र मनाला भावते."

पाचपैकी एक मिळाला. तोही म्हणे आई म्हणून.