खरं, सांगू नको

शनिवारी रात्री आमच्या डॉक्युमेंटरीचा रफ कट, म्हणजे कच्ची जुळणी, आला. मी साउंडवाला. "फक्त सिंक बघून दे," एवढाच निरोप, म्हणजे आवाज चित्राशी जुळतोय का ते. तेव्हापासून एका शब्दावर अडकलोय.

निपाणीजवळच्या एका गावातल्या बहीण-भावाची फिल्म. ती ११ वर्षांची, मराठी शाळेत. तो ८ वर्षांचा, कन्नड शाळेत. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शिका ताईंच्या डोक्यात चित्र तयारच होतं: १९५६ ची राज्यपुनर्रचना, १ नोव्हेंबरचा काळा दिन, २००४ पासूनचा सुप्रीम कोर्टातला सीमाप्रश्नाचा दावा आणि एकाच घरात दोन भाषांत वाटली गेलेली पोरं. आईनं पहिल्याच दिवशी साधं कारण सांगितलं होतं. मराठी शाळा घराला लागून, म्हणून पोरगी तिथं. कर्नाटकात सरकारी नोकरीला कन्नड लागतं, म्हणून पोरगा लांबच्या शाळेत. नोकरीचा विचार फक्त पोराचाच झाला, ही गोष्ट कुणी विचारलीच नाही. माझ्या मते फिल्म तिथंच होती.

आई विड्या वळते. तेंदूचं पान भिजवलेलं असतं, त्यामुळे कात्रीखाली कुरकुरत नाही, ओलं कापड फाडल्यासारखा मऊ आवाज येतो. तो आवाज मिळवायला मी अर्धी सकाळ बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, घेऊन सुपाशेजारी बसलो होतो. पोरांच्या कपड्यांवरच्या छोट्या लेपल माइकला कापडाची घसर लागते, म्हणून टेपची त्रिकोणी घडी करून माइक कॉलरच्या आत चिकटवला होता. पोरं विसरून गेली की अंगावर माइक आहे.

मुलाखतीत ताईंनी विचारलं, मराठी वाचता येतं का? पोरगा म्हणाला, "न्हाई." मग ब्रेक झाला. मी घराचा रूम टोन, म्हणजे रिकाम्या शांततेचा आवाज, घेत होतो, सगळे मिनिटभर गप्प. पोरं मागच्या दारी गेलेली, अंगावरच्या माइकचा ट्रान्समीटर चालूच. हेडफोनमध्ये कुजबुज आली:

"अक्का, मला मराठी वाचाय येतंय खरं, सांगू नको. त्यास्नी कन्नड पायजे."

"बरं. मग मी बी कन्नड येत न्हाई म्हंते."

रात्री ती त्याला मराठी शिकवते आणि त्याच्या पुस्तकातून स्वतः कन्नड शिकते, हे आईनं नंतर सांगितलं.

मी त्यांच्या माइकचा फेडर, आवाजाची पट्टी, खाली करायला हवा होता. केला नाही. संध्याकाळी आईला सांगितलं आणि दोन्ही पोरांना हेडफोन लावून ऐकवलं. पोरगा लाजला. पोरीनं दोन्ही हातांनी हेडफोन दाबून दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

रफ कटमध्ये तेच वाक्य आहे. सबटायटल: 'खरं बोलू नकोस.'

आमच्या भागात 'खरं' म्हणजे 'पण'. 'येतो खरं, उशीर हुईल' असं आम्ही दिवसातून पन्नासदा म्हणतो. पोरगा 'खरं'वर थांबतो, श्वास घेतो, मग 'सांगू नको' म्हणतो. मूळ फाईलमध्ये तो श्वास ९ फ्रेमचा आहे. एडिटरनं वाक्य घट्ट करताना तोच कापला. आता 'खरं' पुढच्या वाक्याला जाऊन चिकटलंय आणि ८ वर्षांचं पोरगं बहिणीला खोटं बोलायला सांगतंय असं ऐकू येतं. 'त्यास्नी कन्नड पायजे' हेही कापलंय. त्यास्नी म्हणजे आम्हाला.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अर्थ जवळपास तोच आहे ना? आणि ते वाक्य तर फिल्मचा कणा आहे." ताई वाईट नाहीत, पोरांवर त्यांची माया आहे. पण पोरीनं 'ऱ्हाऊ दे' म्हणून होकार दिला तो तिनं ऐकलेल्या वाक्याला. हे वाक्य तिनं ऐकलेलंच नाही.

श्वासासकट पूर्ण फाईल पाठवली, सोबत दुरुस्त सबटायटल आणि कापलेली ओळ परत घ्या म्हणून विनंती. दोन दिवस उत्तर नाही. आज सकाळी आईचा फोन आला, पोरं विचारतायत पिक्चर कधी. मी सांगितलं, आवाजाचं काम अजून राहिलंय.